ब्रेकचं खरं काय ते सांग, रोवेल

मी माणसांना त्यांच्या अंत्यविधीचा प्लॅन विकते. हप्त्याने पैसे भरा. वेळ आली की शवपेटी, फुलं, गाडी, मृतदेहाशेजारच्या जागरणाची कॉफी आणि बिस्किटं, सगळं आमच्याकडून. फिलिपिन्समधल्या आमच्या लिपा शहरात असं घर सापडणं कठीण, जिथे मी बसून कॉफी प्यायले नाही आणि घरातल्या म्हाताऱ्याकडे बघत हळूच विषय काढला नाही. त्यामुळे नको असलेली वस्तू गळ्यात कशी मारतात, हे मला कुणी शिकवायला नको. माझी वस्तू निदान प्रत्येकाला एकदा लागते. माझ्या नवऱ्याला, नेस्तोरला, लागली आणि त्याच्याकडून अजून तक्रार आलेली नाही.

कासाचं तसं नाही. कासा म्हणजे ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांचंच वर्कशॉप. थंडगार हॉल, मऊ सोफे, फुकटची कॉफी आणि काचेपलीकडे तुमची गाडी, जिच्याजवळ जायला तुम्हालाच बंदी. वॉरंटी टिकवायची तर पहिली काही वर्षं तिथेच जावं लागतं. तुम्ही तेल बदलायला जाता आणि एक इस्त्रीच्या शर्टातला मुलगा येऊन तुम्हाला सांगतो की इंजिन आतून धुवायला हवं, इंजेक्टर साफ करायला हवेत, एसीत जंतू झालेत, टायरमध्ये साधी हवा नको तर नायट्रोजन हवा, आणि खालून गंजाचा लेप दिला नाही तर गाडी पुढच्या पावसाळ्यात विरघळेल. तुम्ही विचारता, हे सगळं खरंच लागतं का? तो म्हणतो, आमची शिफारस आहे. शिफारस हा शब्द कुणी काढला कोण जाणे, पण त्याला मी आमच्या धंद्यात घ्यायला तयार आहे.

म्हणून रोवेल तिथे नोकरीला लागला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. बेलेनच्या या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी मीच हातात धरलं होतं, म्हणून मी त्याची निनांग आणि बेलेन माझी कुमारे. हे नातं रक्ताच्या नात्यापेक्षा महाग पडतं. दर नाताळला पाकीट द्यावं लागतं आणि जन्मभर शब्द टाकावा लागतो. मी टाकला. कासाचे सर्व्हिस मॅनेजर सर मलाबानान माझे ग्राहक. स्वतःचा, बायकोचा आणि सासूचा प्लॅन त्यांनी माझ्याकडून घेतलाय. सासूचा त्यांनी एकरकमी भरला. त्यांनी रोवेलला सहा महिन्यांसाठी ग्राहकांचा उमेदवार सल्लागार म्हणून घेतलं. सहा महिने नीट गेले तर कायम, नाहीतर घरी.

घरी म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. बापाची प्रवासी जीपनी सरकारने जुनी म्हणून रस्त्यावरून काढली, बेलेन बाजारात केळीच्या पानात बांधलेले चिकट भाताचे सुमान विकते, आणि पाठची दोन भावंडं शाळेत. त्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार असा हाच एक होता.

पहिल्यांदा गाडी घेऊन गेले तर रोवेलने भर हॉलमध्ये माझा हात घेऊन कपाळाला लावला. सोफ्यावरच्या दोन बायका कौतुकाने बघायला लागल्या. मग तो गाडीपाशी आला, हातातल्या यादीवरून बोट फिरवलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "निनांग, तेल, तेलाचा फिल्टर आणि ब्रेकचं तेल. बस."

"आणि ही बाकीची सगळी वरात?"

"ती नको."

"जंतू?"

"एसीला वास येतो का?"

"नाही."

"मग जंतूंना राहू द्या." त्याने मागे बघितलं. "गाडीबरोबर पुस्तक मिळालंय ना, त्यात किती किलोमीटरला काय करायचं ते कंपनीनेच लिहिलंय. पुस्तकात आहे ते करायचं. पुस्तकात नाही ते आमच्या दुकानाचं."

"असं सगळ्यांना सांगतोस?"

तो लाजला. "सगळ्यांना कसं सांगणार? पण तुमच्याशी खोटं कसं बोलू, निनांग? आई मारेल."

मी घरी आले ती हवेत. एखाद्या बाईला भावाने सोनं द्यावं तसं मला वाटत होतं. अख्ख्या कासात एक तोंड असं होतं जे माझ्याशी खरं बोलणार होतं. आता असं सुख मिळाल्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? पण गप्प बसायला मी लिपाची कशी?

मी आधी शेजारच्या अॅटर्नी विलारुस यांना सांगितलं. हा माणूस इतका चिक्कू, की माझ्याकडून प्लॅन घेताना त्याने विचारलं होतं, जागरणाला बिस्किटं उरली तर परत घेता का. त्यांच्या मागोमाग आमच्या बारांगायचा कारभार बघणाऱ्या कपिताना नेनिंगला कळलं, म्हणजे आख्ख्या वस्तीला कळलं. पुढच्या आठवड्यापासून आमच्या गल्लीतल्या गाड्या एकामागून एक कासाला जायला लागल्या. दारातच विचारायचं, रोवेल कुठाय? आणि तो समोर आला की नातं सांगायचं. मी तुझ्या निनांगची शेजारीण. मी तुझ्या आईच्या मावसबहिणीचा दीर. तुझ्या बाप्तिस्म्याच्या जेवणात डुक्कर मी कापलं होतं. आमच्यात दोन माणसं समोरासमोर बसली आणि नातं निघालं नाही, असं होत नाही. फक्त बसायला वेळ हवा. आणि नातं निघालं की संपलं. ज्याला एकदा तितो, काका म्हटलं त्याच्या गाडीला नायट्रोजन भरायचा कसा?

रोवेल प्रत्येकाला खरं सांगत गेला. अर्ध्या अर्ध्या तासात माणसं तेल बदलून बाहेर. आणि जाताना खांद्यावर थाप मारून म्हणत, देव भलं करो तुझं, पोरा.

देवाचं मला माहीत नाही, पण सर मलाबानान यांच्या खोलीत एक पांढरा फळा होता. त्यावर प्रत्येक सल्लागाराचं नाव आणि त्याने तेलाखेरीज काय काय विकलं ते लिहिलेलं असे. रोवेलच्या नावापुढे जागा इतकी मोकळी, की कॉफीवाल्याने तिथे आपला हिशेब लिहिला होता.

हे मला कळलं बेलेनकडून. ती आली ती सुमानची मोठी परडी घेऊन, आणि मी तेव्हाच ओळखलं. परडी जितकी मोठी तितकं संकट मोठं. तिने माझ्या तब्येतीची चौकशी केली, नेस्तोरच्या कबरीवरच्या फुलांची केली, माझ्या कुत्र्याचीही केली. मी सुमान सोलत वाट बघत राहिले.

"रोवेल जेवत नाही नीट," ती शेवटी म्हणाली.

"का?"

"काही नाही. वारा असेल पोटात."

"बेलेन."

ती परडीवरचं फडकं सारखं करत राहिली. "पुढच्या महिन्यात सहा महिने होतात. सर म्हणाले, मुलगा गोड आहे, पण आम्ही गोड मुलगा घेतला नव्हता, सल्लागार घेतला होता." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझे फार उपकार आहेत, कुमारे. नोकरी तूच लावलीस. आता गेली तरी तू काय करणार?"

आमच्याकडे तक्रार अशीच करतात. यापेक्षा तिने परडी माझ्या डोक्यात घातली असती तर कमी लागलं असतं. माझं तोंड गल्लीभर सुटलं म्हणून पोराची नोकरी चालली होती, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. आणि नोकरी जाणार म्हणजे माझा शब्दही जाणार. सर मलाबानान उद्या चार लोकांत सांगणार, लोरेताने पाठवलेला मुलगा चालला नाही.

रविवारी मिस्सानंतर मी सगळ्यांना माझ्या अंगणात बोलावलं. पान्सितच्या शेवया केल्या होत्या, कडक बराको कॉफी होती. खाऊन झाल्यावर मी उभी राहिले.

"तुम्ही सगळ्यांनी माझ्या पोराकडून खरं फुकटात घेतलंत," मी म्हटलं. "आता पुढचा महिनाभर प्रत्येकाने काहीतरी नको असलेलं घ्यायचं."

कॉफी ढवळण्याचे आवाज आले.

"नको असलेलं म्हणजे नक्की काय?" अॅटर्नींनी विचारलं.

"रोवेलने तुम्हाला जे जे नको म्हणून सांगितलं ते सगळं. यादी तुम्हाला पाठ आहे."

"म्हणजे ज्याची गरज नाही हे सिद्ध झालंय, त्याचे पैसे भरायचे?"

"अॅटर्नी, तुमच्या अशिलांना विचारा, ते रोज भरतात."

लोक हसले आणि गाडं पुढे सरकलं. त्यानंतर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. शहाणीसुरती माणसं माझ्या अंगणात बसून निरुपयोगी वस्तू वाटून घेत होती, आणि त्यातही जो तो आपला फायदा बघत होता. एसीचं निर्जंतुकीकरण तिघांना हवं होतं, कारण त्यानंतर गाडीत लिंबाचा वास येतो. इंजिन धुण्याला कुणी हात लावेना. नायट्रोजनवर अॅटर्नींनी पटकन हक्क सांगितला, तो यादीत सगळ्यांत स्वस्त होता.

"तुम्ही इंजेक्टर घ्या," कपिताना नेनिंग त्यांना म्हणाली.

"माझी गाडी सहा महिन्यांची आहे. इंजेक्टरला अजून धूळ माहीत नाही."

"मग तर साफ करायला सोपं जाईल."

कपितानाने स्वतः मात्र मोठं मन दाखवलं. बारांगायची गस्तीची गाडी ती सगळ्या यादीसह देणार म्हणाली. इंजिन, इंजेक्टर, जंतू, लेप, सगळं.

"ती चालते का पण?" कुणीतरी विचारलं.

"दोन वर्षं बंद आहे. म्हणून तर तिला त्रास होणार नाही."

राहिलेलं इंजिन धुणं आणि गंजाचा लेप मी घेतलं. आणि रोवेलला मी दुसऱ्या दिवशी घरी बोलावून बोलायला शिकवलं. कारण सर मलाबानान पाठीमागे उभे असताना त्याने कुजबुजून "सांगितलंय म्हणून घ्या" म्हटलं असतं तर सगळंच ओम्फस झालं असतं.

"म्हण, निनांग, हे खरंच करायला हवं."

"निनांग, हे खरंच..." त्याचे कान लाल झाले. "मला हसू येतं."

"हसू येतं तर घरी बस सुमान बांधत. पुन्हा म्हण. माझ्या डोळ्यांत बघून."

संध्याकाळपर्यंत त्याला ते जमायला लागलं. मी वीस वर्षं नव्या एजंटांना शिकवतेय. इतक्या लवकर शिकलेला मुलगा मी बघितला नव्हता. मला त्याचा अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू.

महिनाभर आमची गल्ली कासात जाऊन मुकाट्याने लुटून घेत होती. गस्तीची गाडी दोरीला बांधून नेली आणि लेप देऊन, लिंबाचा वास भरून, दोरीला बांधूनच परत आणली. फळ्यावर रोवेलचं नाव सगळ्यांत वर गेलं. सहा महिने भरले त्या दिवशी सर मलाबानान यांनी त्याला कायम केलं आणि मला फोन करून म्हणाले, "काय मुलगा दिलात, लोरेता. जरा उशिरा उमलला." बेलेनने अख्खी गल्ली जेवायला बोलावली. ती मला मिठी मारून रडली आणि मीही रडले. एका घराचा पगार वाचला होता. एवढं नको असलेलं घेऊन काहीतरी हवं असलेलं मिळालं होतं, आणि मी स्वतःवर खूश होते.

मग पवित्र आठवडा आला. गुरुवारी सात चर्च करायची आमची रीत. मी आणि बेलेन दरवर्षी जातो, सकाळी निघून, एकेका चर्चमध्ये प्रार्थना करत, मध्ये उपासाची भजी खात. यंदा माझ्या गाडीने तागायतायच्या डोंगरावरून उतरून तालला जायचं ठरलं होतं. तो उतार असा आहे, की देव न मानणाराही वळणावळणावर क्रूस करतो. म्हणून बुधवारी मी गाडी कासात दाखवायला नेली.

रोवेलचा शर्ट आता जास्त कडक इस्त्रीचा होता. हात कपाळाला लावला, कॉफी मागवली, आत गेला आणि थोड्या वेळाने हातात टॅब्लेट घेऊन आला. सर मलाबानान दोन टेबलं सोडून कुणाशी तरी बोलत उभे होते.

"निनांग, पुढचे ब्रेक पॅड संपलेत. डिस्कही खराब झाल्यात. हे खरंच करायला हवं."

मला हसू आलं. मी सरांकडे डोळ्याने खूण केली आणि हळू आवाजात म्हटलं, "लिहून टाक. पैसे देते. पण चाकं खोलू नकोस, मला घरी मासे करायचेत. आणि आता कायम झालास ना, अजून कशाला?"

"नाही निनांग. हे खरंच."

"गेल्या महिन्यात इंजिन धुतानाही तू असंच म्हणालास. याच जागी उभा राहून."

"ते तसं होतं. हे तसं नाही."

"पुस्तकात काय आहे?"

"पुस्तकात ब्रेकपुढे नुसतं 'तपासा' लिहिलंय. बदलायचं कधी ते तपासणाऱ्याने ठरवायचं." त्याने टॅब्लेट पुढे केला. एका झिजलेल्या पॅडचा फोटो होता. ते पॅड माझ्या गाडीचं होतं, की मागच्या वर्षीच्या कुणाच्या, हे त्या पॅडलाच माहीत.

"मला आत येऊन बघू दे."

"ग्राहकांना आत बंदी आहे, निनांग. विम्याचा नियम आहे."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. हेच तोंड मी बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली धरलं होतं आणि ते भोकाड पसरून रडलं होतं, तेव्हा त्याच्या मनातलं आख्ख्या चर्चला कळलं होतं. आता मला त्यातलं काही वाचता येईना. कान लाल नव्हते. डोळे माझ्या डोळ्यांत होते. अगदी मी शिकवलं तसे, आणि अगदी खरं बोलणाऱ्या माणसाचे असतात तसे. या दोन्हीत फरक कसा करायचा, ते मात्र मी कुणाला शिकवलेलं नाही, कारण आमच्या धंद्यात तो राहू नये म्हणूनच शिकवतात.

"विचार करते," म्हणून मी गाडी बाहेर काढली आणि सरळ कोपऱ्यावरच्या कुया इस्कोच्या, म्हणजे इस्कोदादाच्या, गॅरेजात नेली. तो मांडीवर कोंबडा घेऊन बसला होता. उठून चाकाच्या फटीतून बोट घातलं, वास घेतला आणि म्हणाला, "चालतंय अजून."

"किती?"

"चालेल तेवढं."

"तू प्रत्येक गोष्टीला असंच म्हणतोस."

"मग चालतंच ना सगळं." त्याला पुढचे तीन दात नाहीत, त्यांच्याबद्दलही तो हेच म्हणत आला होता. कासाच्या मते सगळं बदलायला हवं आणि इस्कोच्या मते काहीच नको. मधलं खरं सांगणारा एकच मुलगा होता आणि तो आता कायम झाला होता.

मी पुन्हा कासात गेले. या वेळी सर मलाबानान खोलीत नव्हते, हॉल जवळजवळ रिकामा होता. मी रोवेलचं मनगट धरलं.

"इथे कुणी नाही. ब्रेकचं खरं काय ते सांग, रोवेल. मी रागावणार नाही. पैसे हवेत तर पैसे घे. पण उद्या मला त्या उतारावरून जायचंय."

"सांगितलं ना, निनांग."

"पुन्हा सांग."

त्याचं तोंड जरा वाकडं झालं, लहानपणी मार खाण्याआधी व्हायचं तसं. मग त्याने मनगट सोडवून घेतलं, खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर बेलेनला लावला.

"आई," तो म्हणाला, "उद्या निनांगच्या गाडीत बसू नकोस. नाही, भांडण नाही. पायी जवळच्या चर्चला जा. मी सांगतोय म्हणून." आणि फोन ठेवला.

मी जागच्या जागी सही केली. पॅड, डिस्क, सगळं. माझ्या पोराने स्वतःच्या आईला थांबवलं, याहून मोठी शपथ कुठली? मी सोफ्यावर बसून फुकटची कॉफी प्यायले आणि मला रडू आलं, की मी याच्यावर संशय घेतला.

कॉफी संपत आली तेव्हा सर मलाबानान खोलीतून बाहेर आले, माझ्या हातातली पावती बघून खूश झाले आणि शेजारी टेकले. "रोवेलने फोन केला असेल ना आईला?" ते कौतुकाने म्हणाले. "पोराची माया आहे हो आईवर. काल अॅटर्नी विलारुस यांच्या ब्रेकच्या वेळीही असाच आईला केला होता."

गुरुवारी आम्ही सातही चर्च केली. बेलेन माझ्या शेजारी बसून वाटभर मुलाचं कौतुक करत होती आणि मी हो ला हो म्हणत होते. तागायतायच्या उतारावर प्रत्येक वळणाला मी ब्रेक दाबून बघितला. गाडी छान थांबत होती. तशी ती बुधवारीही थांबत होती.